दाराबाहेरची ओळख

लोणीकर,

तुमचं खरं नाव मला फ्लेक्सवर कळलं. बारा वर्षं आपण शेजारीशेजारी बसलो. तुमच्या पिशवीतल्या उकडलेल्या शेंगा मी हक्कानं खाल्ल्या, टरफलं तुमच्याच पायाशी टाकली, दर रविवारी तुमच्याशी तावातावानं भांडलो. आणि तुमचं नाव दत्तात्रय आहे, घरी तुम्हाला आबा म्हणतात, हे मला लोणीच्या फाट्यावर भर उन्हात उभं राहून, मान वर करून वाचावं लागलं. आधी 'कै.' आणि मग नाव. फोटोत टोपी नेहमीसारखी किंचित डावीकडे कललेली होती. खाली 'शोकाकुल' म्हणून पंधरा-वीस चेहरे ओळीनं लावले होते. त्यात गॉगल घातलेलेही दोन-तीन होते. मी तिथे असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण बाहेर आपली ओळखच नव्हती.

परवाच्या रविवारी आपलं सेंटरही बंद झालं. मला खरं तर त्याच्यावरच लिहायचं होतं. मास्तरकी अंगात मुरलेली, काहीही संपलं की चार ओळी लिहाव्याशा वाटतात. पण सेंटरबद्दल लिहायला बसलो की पहिल्या वाक्यातच तुम्ही येता आणि मग पेन पुढे जात नाही. तेव्हा म्हटलं, सरळ तुम्हालाच लिहावं.

ज्यांनी आपलं सेंटर पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, तुम्ही कंटाळू नका. हडपसरला टाइल्सच्या दुकानावर पहिला मजला, जिना मागच्या गल्लीतून. रेसचं सेंटर, रीतसर परवाना असलेलं. मुंबईचे, बंगळूरचे, हैदराबादचे घोडे तिथे टीव्हीवर धावायचे, पावसाळ्यात आपले पुण्याचेही, आणि आपण खिडकीतून तिकीट काढून त्यांच्यावर जीव टाकायचा. वार ठरलेले, गुरुवार आणि रविवार. तीन टीव्ही, त्यातला एक कायम हिरवट. प्लास्टिकच्या खुर्च्या, पण कोण कुठे बसणार ते ठरलेलं. चुकून नवखा माणूस कुणाच्या खुर्चीवर बसला तर त्याला कुणी उठवायचं नाही, फक्त त्याच्याकडे इतकं बघायचं की तो आपण होऊन उठायचा.

तिथे कुणाला नाव नव्हतं. वाघोलीहून येणारे ते वाघोलीकर, फुरसुंगीचे ते फुरसुंगीकर, तुम्ही लोणीहून बसनं यायचा म्हणून लोणीकर. हडपसरचे आम्ही चौघं होतो, त्यामुळे माझी ओळख माझ्या वहीवरून पडली. वहीवाले. दोनशे पानी, रेघांची. त्यात मी प्रत्येक घोड्याचं वजन, अंतर, मागच्या सहा शर्यतींतली वेळ, जॉकीचं नाव असं सगळं आखून लिहायचो. चौतीस वर्षं गणित शिकवलं, निवृत्तीनंतर तेवढाच अभ्यास उरला होता.

आणि तो नियम. तोही माझाच. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, जाऊ द्या आता. पण आज ते जाऊ देता येणार नाही.

झालं असं होतं की सेंटरला यायला लागून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एका लग्नात वाघोलीकर समोर आले आणि पंगतीच्या मधोमध ओरडले, "काय वहीवाले, रविवारी आपला घोडा कसा पळाला!" शेजारी माझे मेहुणे बसले होते. त्यांच्या मते रेस खेळणारा आणि वाया गेलेला, या दोन माणसांत फरक नसतो. मी कसंबसं सावरून घेतलं. घरी मी सांगितलेलं होतं की गुरुवारी आणि रविवारी ज्येष्ठ नागरिक संघात बुद्धिबळ खेळायला जातो. हडपसरमध्ये दर दुसरा माणूस माझा विद्यार्थी. रिक्षावाला सर म्हणतो, बँकेतली मुलगी सर म्हणते. त्या सरांना असल्या जिन्यावर कुणी पाहिलं तर? पुढच्या गुरुवारी मी सेंटरमध्ये उभा राहून शाळेत करायचो तसं भाषण केलं, आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर जाड अक्षरात लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं: 'दाराबाहेर ओळख दाखवू नये. दाखविल्यास परत मिळणार नाही.'

सगळे हसले, पण सगळ्यांना पटलंही. प्रत्येकाचं घरी काही ना काही होतंच. तेव्हापासून शर्यत संपली की एकेकानं उतरायचं, मध्ये थोडा वेळ सोडायचा, आणि रस्त्यावर दिसलं तर नजर दुसरीकडे. बारा वर्षांत एकानंही हा नियम मोडला नाही. अहो, माझ्या वर्गात इतकी शिस्त मी कधी लावू शकलो नव्हतो, आणि खरं सांगतो, मला त्याचा अभिमान होता.

तुम्ही एकट्यानं विचारलं होतंत, त्याच दिवशी. "वहीवाले, आपन काय चोरी करतोय का?"

"चोरी नाही," मी म्हणालो, "पण सत्यनारायणही घालत नाही."

तुम्ही मोठ्यानं हसलात आणि शेंगांची पिशवी माझ्यापुढे धरलीत. विषय तिथे संपला असं मला वाटलं. तुमच्यापुरता तो संपला नव्हता, हे आता कळतंय. गावच्या जत्रेला दर वर्षी तुम्ही म्हणायचात, "या की जेवायला. मटान आसतंय. न खानाऱ्याला पुरनपोळी." आणि मी दर वर्षी दारावरच्या त्या कागदाकडे बोट दाखवायचो. शेवटच्या वर्षी तुम्ही कागदाकडे बघितलंत आणि म्हणालात, "त्यो कागद आतल्या अंगाला लावलाय न्हवं? मग भाईर त्याचं काय काम?" मी म्हणालो, वकिली करू नका, घोडे बघा.

घोडे मात्र तुम्ही बघायचात. मी आकडे बघायचो. शर्यतीआधी घोडे रिंगणात फिरवतात तेव्हा तुम्ही टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहायचात आणि नितीनला, त्या तिकिटाच्या खिडकीतल्या पोराला, आवाज बंद करायला लावायचात. त्याची बायको काय म्हणते हेसुद्धा तो एवढ्या निमूटपणे ऐकत नसेल. मग तुम्ही बोलायचात. "तीन नंबर मागचा डावा पाय चोरतोय." "ह्यो लय पानी पिलाय." "ह्येचं कान बगा, ह्येला आज पळायचं न्हाय." तुम्ही कधी काळी शर्यतीचे बैल सांभाळले होते, तिथली ती नजर. मी म्हणायचो, लोणीकर, बैल आणि घोडा यांत फरक असतो. तुम्ही म्हणायचात, "पाय चारच आसत्यात की."

आपलं सगळ्यात मोठं भांडण त्या करड्या घोडीवरनं. तिच्या वेळा माझ्या वहीत सगळ्यात चांगल्या होत्या. सरासरी काढली तर तिनं दर दुसरी शर्यत जिंकायला हवी होती. आणि ती दर वेळी शेवटच्या वळणापर्यंत पळून कुठे तरी चौथी-पाचवी यायची. मी जॉकीला शिव्या घालायचो, वजनाला दोष द्यायचो. तुमचं म्हणणं एकच. "तिच्यात दम हाय. पर तिला संगं कुनीतरी लागतं. येकटी म्होरं गेली का थांबती." मी विचारलं, याला पुरावा काय? तुम्ही म्हणालात, "पुरावा वहीत न्हाय घावायचा." मी महिनाभर तुमच्याशी नीट बोललो नव्हतो. शेंगा मात्र खात होतो.

आता त्या सोमवारचं.

माझी बायको सुमन, तिचे भाऊ आणि मी, तिघं हडपसरच्या गाडीतळावर उभे होतो. मेहुण्यांच्या नातीच्या बारशाला काहीतरी घ्यायचं होतं आणि रिक्षा मिळत नव्हती. अकराच्या सुमाराला ऊन चांगलंच चढलेलं. तुम्ही रस्ता ओलांडून येताना मला दिसलात. मी नजर वळवली, नियमाप्रमाणे. मला वाटलं तुम्हीही वळवाल. पण तुम्ही सरळ माझ्याकडे आलात. हातात मोठं पांढरं पाकीट होतं. टोपी हातात होती, कपाळावर घाम.

"सर," तुम्ही म्हणालात. "सर, जरा येक मिनिट..."

तुम्ही मला 'सर' म्हणालात! म्हणजे तुम्हाला मी कोण ते माहीत होतं. आणि मेहुणे शेजारी. आता हा माणूस घोड्याचं नाव काढणार, झालं, संपलं सगळं. मी अगदी शाळेतल्या आवाजात म्हणालो, "कोण आपण? मी ओळखलं नाही."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग सुमनकडे, मग मेहुण्यांकडे. आणि मग तुम्ही हसलात. "चुकलं बगा," म्हणालात. "आमच्या पावन्यातलं कुनी वाटलं. माफ करा." आणि मागे सरलात. तेवढ्या घामात, तेवढ्या उन्हात तुम्ही मला सोडवलंत. पाठ केलेलं वाक्यसुद्धा इतक्या चटकन येत नाही माणसाला.

"कोण हो हे?" सुमननं विचारलं.

"कुणास ठाऊक. माणूस चुकला असेल."

"घाम किती आलाय त्यांना."

"ऊन आहे," मी म्हणालो, आणि समोर आलेल्या रिक्षाला हात केला.

रिक्षाच्या मागच्या काचेतून मी एकदा वळून बघितलं. तुम्ही बसथांब्याच्या बाकावर बसला होतात, पाकीट मांडीवर. मला दया आली असेल असं वाटतं का तुम्हाला? नाही आली. मी चिडलो होतो. दिवसभर मनात वाक्य जुळवत होतो: लोणीकर, बारा वर्षांचा नियम, आणि तुम्ही भर गाडीतळावर? गुरुवारी सेंटरवर आलात की चांगलं सुनावतो. वाक्य इतकं धारदार झालं होतं की मी ते आंघोळीच्या वेळी मोठ्यानं म्हणूनही बघितलं.

गुरुवारी मी ते वाक्य घेऊन गेलो. तुमची खुर्ची रिकामी होती. मला वाटलं, लाजला असाल. रविवारीही नाही. मला वाटलं, रुसलात, रुसू द्या. त्याच्या पुढच्या गुरुवारी नितीननं खिडकीतून दोन गोष्टी एकदमच सांगितल्या. पहिली अशी की सेंटर महिनाअखेर बंद होतंय. लोक आता फोनवरच खेळतात, भाडं परवडत नाही, जागा कुणा जिमवाल्यानं घेतली. आणि दुसरी, "वहीवाले, लोणीकरांचा फ्लेक्स लागलाय फाट्यावर. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला कुठून माहीत असणार?

दुसऱ्या दिवशी बस धरली. फ्लेक्स बघितला. मग टपरीवर विचारत विचारत तुमच्या घरी आलो. उसाच्या कडेनं वाट, दारात गोठा, दोन म्हशी. आणि दारातून एक चाळिशीचा माणूस धावत बाहेर आला, डोकं केलेलं. "सर! तुम्ही?" वाकून पाया पडला. "दहावी ब, सर. तुमच्या हाताखाली होतो." तुमचा मुलगा. मला त्याचा चेहरा काही केल्या आठवेना.

"आबांना तुम्ही ओळखत होता?" त्यानं विचारलं.

आणि मी, लोणीकर, तुमच्या अंगणात उभा राहून पुन्हा तेच केलं. "फ्लेक्स पाहिला," मी म्हणालो. "विद्यार्थ्याचे वडील म्हटल्यावर यायलाच हवं." किती सहज आलं ते तोंडातून! त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "सर, मी गणितात पास झालो तेव्हा आबा स्वतः पेढे घेऊन शाळेत आले होते, आठवतं?" मी म्हणालो, आठवतं. आठवत नव्हतं. पण त्या क्षणी एवढं मात्र लख्ख कळलं की सेंटरवर ज्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा माझ्या शेजारी बसलात, त्याच दिवशी तुम्हाला माहीत होतं मी कोण. बारा वर्षं तुम्ही मला वहीवाले म्हणत राहिलात, कारण मला तसं हवं होतं. आणि गाडीतळावर 'सर' म्हणालात तेही विचार करूनच. वर्गातल्या मुलाचा बाप मास्तरांना भर रस्त्यात हाक मारू शकतो, त्यात घोडे कुठेच येत नाहीत. मला ओळख दाखवता यावी म्हणून तुम्ही वाट काढून ठेवली होती. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं.

वहिनींनी चहा दिला. सगळा वेळ त्या दाराशी बसून होत्या. मी निघालो तेव्हा मुलाला म्हणाल्या, तू पावण्यांकडं बघ, मी सरांना वाटेला लावते. बांधावर आल्यावर थांबल्या.

"तुमीच ते वहीवालं ना?"

मी मागे वळून घराकडे बघितलं.

"पोराला म्हाईत न्हाय," त्या म्हणाल्या. "त्यांनीच बजावलं हुतं. सरांचं नाव तिथलं म्हनून कुटं काढायचं न्हाय. मला समदं सांगायचे. कोन जिकलं, तुमी वहीत काय ल्हिवलं, कशावरनं भांडलासा."

म्हणजे तुम्हाला त्या नियमाची गरजच नव्हती. तुम्ही वहिनींपासून काहीच लपवलं नव्हतं. बारा वर्षं तुम्ही तो पाळलात तो निव्वळ माझ्यासाठी.

मग वहिनींनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहितो, माझ्या शब्दांत मला ते जमणार नाही. "त्या सोमवारी छातीची तपासनी करून आले. कागद दिलावता, इंग्रजीत. मी म्हनलं, पोराला दावा. तर म्हनले, पोरगं घर डोक्यावर घेईल, आदी सरांकडनं कळू दे काय हाय ते. म्हनलं, हडपसरातच गेलावता की, मग दावायचा सरांना. तर म्हनले, आज सर भेटले न्हाईत. गुरुवारी सेंटरवर भेटत्यात, तवा वाचून घेतो." त्यांनी पदर तोंडाला लावला. "बुदवारी सकाळी धारंला बसले, ते उठलेच न्हाईत."

आज सर भेटले नाहीत. घरीसुद्धा तुम्ही हेच सांगितलंत. बायकोलासुद्धा.

मी हात जोडले, 'काळजी घ्या' असं काहीतरी म्हणालो आणि बसमध्ये बसलो. तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तुम्ही गुरुवारपर्यंत थांबलात, कारण गुरुवारी दाराच्या आत मी तुम्हाला ओळखणार होतो. कागद घेऊन दुसऱ्या कुणाकडेही जाता आलं असतं. वाटेतल्या औषधाच्या दुकानात, कुणा कॉलेजच्या पोराला. पण आपल्या माणसाकडून कळावं असं तुम्हाला वाटलं, आणि आपला माणूस म्हणून तुम्ही मला धरलंत. मला त्याची लाज वाटते. दुःख वाटतं हे तर आहेच, पण ते नंतर. आधी लाज वाटते.

परवाच्या रविवारी सेंटर शेवटचं उघडलं. वाघोलीकरांनी सगळ्यांना वडापाव आणले. कुणी भाषण केलं नाही. तुमची खुर्ची कुणी हलवली नव्हती, आणि दिवसभरात तिच्यावर कुणी बसलंही नाही. शेवटच्या शर्यतीत करडी होती. मी वही उघडलीच नाही. टीव्हीच्या जवळ जाऊन उभा राहिलो, नितीनला आवाज बंद करायला सांगितला आणि तिच्याकडे बघत राहिलो. लोणीकर, मला काही दिसलं नाही. मला चार पाय दिसले.

शेवटच्या वळणाला ती सगळ्यांना मागे टाकून एकटी पुढे निघाली. सगळे उठून उभे राहिले. आणि समोर कुणी नाही, शेजारी कुणी नाही असं झाल्यावर तिचे कान मागे गेले आणि ती थांबली. पळत होती, पण थांबलीच म्हणायचं. चार घोडे तिच्या बाजूनं निघून गेले. मी वही उघडली आणि शेवटच्या पानावर लिहिलं: लोणीकरांचं बरोबर होतं. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हणालो नसतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

नितीननं दारावरचा तो कागद काढून माझ्या हातात दिला. "तुमचंच अक्षर, घेऊन जा." मग सवयीनं आम्ही एकेक करून खाली उतरलो, मध्ये थोडा थोडा वेळ सोडून. शेवटच्या दिवशीसुद्धा. मी खाली आलो तेव्हा वाघोलीकर कोपऱ्यावर बसची वाट बघत होते. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

घरी वही टेबलावर ठेवली आणि त्यातून कागद बाहेर डोकावत होता. सुमननं तो ओढून वाचला. "हे काय? अक्षर तर तुमचंच." मी खुर्चीत बसलो आणि सगळं सांगितलं, जिन्यापासून. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. झाल्यावर म्हणाली, "बुद्धिबळाला जाणारा माणूस बारा वर्षांत घरी एकदा पट मांडत नाही. मला काय, दिसत नव्हतं?" मला हसू आलं असतं. पण ती पुढे म्हणाली, "गाडीतळावरचे ते टोपीवाले? मी म्हणाले होते तुम्हाला, त्यांना घाम आलाय." आणि उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आली ती एवढंच म्हणाली, "उद्या लोणीला जायचं. मी पण येणार."

काल आलो होतो, लोणीकर. मुलगा कामावर गेला होता. वहिनी गोठ्यात होत्या. मी बसलोसुद्धा नाही. उभ्यानंच म्हणालो, "वहिनी, त्या सोमवारी मी त्यांना भेटलो होतो. ते माझ्याकडे आले होते, कागद घेऊन. मी ओळख दाखवली नाही."

मला वाटलं, त्या बोलतील. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. खरं सांगायचं तर त्याच ऐकायला मी गेलो होतो. सुमननं माझा हात धरला नाही, आणि तेही बरोबरच होतं. वहिनींनी हातातली बादली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि आत गेल्या.

परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात ते पांढरं पाकीट होतं. कोपरा दुमडलेला, मधे घामाचा डाग.

"आमाला कुनीच वाचून दावला न्हाय," त्या म्हणाल्या. "पोरगं म्हनतं, आता काय करायचं वाचून." आणि पाकीट माझ्यापुढे धरलं. "तुमीच वाचा. तुमच्याकडनंच वाचायचा हुता त्यांना."

मी तुमच्या ओट्यावर बसलो, चष्मा लावला आणि वाचला. पहिल्या ओळीपासून, सावकाश, एकेका शब्दाचं मराठी करून, तुम्हाला वाचून दाखवला असता तसाच. शेवटची ओळ डॉक्टरांनी हातानं लिहिली होती. तीही वाचली. आजच्या आज दाखल करा.